सोळा तास एका दमात, की नऊ आणि अकरा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. ह्या वेळी सगळी पत्रं लांबच्या विमानप्रवासाची. सुट्ट्या आणि ॲडमिशनचे दिवस आलेत, त्यामुळे नवल नाही.

प्रश्न : मुलगा सॅन होजेला असतो. सुनेचं बाळंतपण आहे म्हणून आम्ही दोघं पहिल्यांदाच अमेरिकेला निघालोय, सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत विमान आणि मग मुलगा घ्यायला येईल. माझं वय ६६, ह्यांचं ७१, ह्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलगा म्हणतो एमिरेट्स घ्या, भाचा म्हणतो लुफ्थान्सा, शेजारच्या वहिनी म्हणतात एअर इंडियाच बरी, भाषेचा प्रश्न नको. भाच्याने ॲपवर अजून एक शोधलंय, दोघांत मिळून ३८ हजारांनी स्वस्त पडतं पण त्यात दोन वेगळी तिकिटं आहेत म्हणे. डोकं चक्रावलंय. काय करू?
— एक आजी (होणाऱ्या), कोथरूड

उत्तर : काकू, आधी अभिनंदन! आता एअरलाइनची नावं घटकाभर बाजूला ठेवा आणि प्रवासाचे तुकडे कसे पडतात तेवढंच बघा, कारण तुमच्या बाबतीत खरा फरक तिथेच आहे. दुबईमार्गे गेलात तर मुंबई ते दुबई सव्वातीन तास आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ सोळा तास, म्हणजे पहिला तुकडा चहा-नाष्ट्यातच संपतो आणि दुसरा संपता संपत नाही. दोहामार्गे कतार एअरवेजचंही गणित थोड्याफार फरकाने हेच. फ्रँकफर्टमार्गे साधारण नऊ आणि साडेअकरा. हाँगकाँगवरून कॅथे पॅसिफिकने पूर्वेकडून गेलात तर सहाच्या आसपास आणि मग बारा-तेरा. हवेतले एकूण तास सगळीकडे एकोणीस-वीसच्या घरातच भरतात हो, पण ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन सोळा तास सलग बसणं आणि मधे उतरून तीन तास पाय मोकळे करून परत अकरा तास बसणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुबईच्या बाजूने एकच मुद्दा, पण तोही खरा आहे. काकांना विमानात गाढ झोप लागत असेल तर लांब तुकडा त्यांना परवडतो, एकदा डोळा लागला की सात-आठ तास गेले. झोप येत नसेल तर मात्र युरोप. तुमच्या पत्रावरून तरी मी फ्रँकफर्टवाल्यालाच मत देईन, आणि मुलाला सांगा की एमिरेट्स वाईट आहे म्हणून नाही, बाबांच्या गुडघ्यामुळे.

फ्रँकफर्टला दोन गोष्टींची तयारी ठेवा. भारतातून आलेल्यांना पुढच्या विमानाआधी परत सिक्युरिटीतून जावं लागतं, आणि चालणं भरपूर. त्यामुळे मधला वेळ तीन-साडेतीन तासांचा बघा, सव्वा तासाचं कनेक्शन ॲपवर कितीही छान दिसलं तरी नको, आणि सात तासांचंही नको, खुर्चीत बसून कंबर धरते. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्यामुळे एअरपोर्टच्या आतल्या आत विमान बदलायला जर्मनीचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

आणि इथेच ते ३८ हजार येतात. दोन वेगळी तिकिटं म्हणजे पहिल्या विमान कंपनीला तुमच्या दुसऱ्या विमानाशी काही देणंघेणं नाही. पहिलं लेट झालं, दुसरं सुटलं, की नवीन तिकीट तुमच्या खिशातून, तेही त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने. त्यात बऱ्याचदा बॅगा पुढे पाठवत नाहीत, मधे बाहेर येऊन उचलायच्या आणि परत चेक-इन करायच्या, आणि बाहेर यायचं तर त्या देशाचा व्हिसा हवा, तिथे अमेरिकेचा व्हिसा चालेलच असं नाही. एका पीएनआरवर, एका तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी त्यांची. पंचविशीतल्या पोराने पाठीवर एक सॅक टाकून असली तिकिटं काढावीत, तुम्ही नाही. भाच्याला प्रेमाने नाही म्हणा.

एअर इंडियाबद्दल वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही. मराठी-हिंदीत बोलता येतं ह्याचा पहिल्या प्रवासात फार आधार वाटतो, आणि दिल्लीहून विमान थेट असेल तर परक्या एअरपोर्टवर धावपळच नाही. पण मग तोच लांब तुकडा, दुबईइतकाच किंवा जास्तच, आणि वर मुंबई-दिल्ली. शिवाय ‘नॉनस्टॉप’ हा शब्द आजचा आहे का ते बघून घ्या. २०२५ च्या एप्रिलमधे पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरायला लागली होती. आखातवाले ह्यातून सुटलेत असंही नाही हां, २०२५ च्याच जूनमधे कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली तर दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे वळवावी लागली. म्हणून परत तेच, तिकीट एकच असू दे.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, लाजू नका, तिचे पैसे पडत नाहीत. तीन प्रकार असतात. चालता येतं पण लांब अंतर जमत नाही, पायऱ्याही चढता येत नाहीत, आणि अगदी सीटपर्यंत न्यावं लागतं. काकांना बहुतेक पहिला किंवा दुसरा लागेल, त्यांना जिने कितपत जमतात ते विचारून नीट सांगा, नाहीतर विमान लांब उभं असेल आणि बसने जाऊन शिडी चढायची वेळ आली की पंचाईत होते. सीट आइलची घ्या. इमर्जन्सी दाराजवळची ऐसपैस सीट मदत लागणाऱ्या प्रवाशाला देत नाहीत, तिच्यासाठी भांडू नका.

आता सामान, कारण बाळंतपण म्हटल्यावर काय काय निघणार ते मला माहितीये! सुंठ, बाळंतशेपा, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की गेटवर वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर काढून टाकतात, २०१८ पासूनचा नियम आहे. मुंबईत कोणी काही बोललं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, फ्रँकफर्टला तपासणार. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या अजिबात नेऊ नका, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून त्या इथेच सिक्युरिटीवाले काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नाही, तो अमेरिकेत चालत नाही. बाकी जे खाण्याचं असेल ते तिकडे कस्टम्सवाल्याने विचारलं की सरळ ‘हो, आहे’ म्हणायचं. दाखवलं तर फार तर ठेवून घेतात, लपवलं तर दंड.

किलोंचं म्हणाल तर अमेरिकेला इकॉनॉमीत २३ किलोच्या दोन बॅगा अशी अनेकांची समजूत असते आणि बऱ्याच तिकिटांवर तसं असतंही, पण ‘लाइट’ नावाची जी स्वस्त भाडी दिसतात त्यात एकच बॅग किंवा तीही नाही असा प्रकार असतो. भावाची तुलना बॅगा धरूनच करा. आणि तिकीट एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवरून काढा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे प्रवासाला सात दिवस किंवा जास्त बाकी असतील तर २४ तासांत पैसे न कापता रद्द करता येतं (काही कंपन्या त्याऐवजी भाडं २४ तास धरून ठेवतात), मुलाने रात्री फोन करून ‘आई तारीख चुकली’ म्हटलं तरी निभावतं. ॲपवाल्या एजंटकडून काढलं की ही सोय मिळेलच असं नाही.

प्रश्न : नागपूरहून एमएससाठी इंडियानापोलिसला जातोय, शिकागोपर्यंत इंटरनॅशनल आणि पुढे छोटी फ्लाइट. घरचे म्हणतात नागपूर-दोहा-शिकागो घे, घरातूनच विमान. सीनियर म्हणतो मुंबईहून एतिहाद घे, अबू धाबीत इमिग्रेशन उरकतं. कोणाचं ऐकू?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या टोकाचं. अबू धाबी एअरपोर्टवर अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारीच बसतात, सगळी विचारपूस तिथेच होते आणि शिकागोला तू देशातल्या देशात आल्यासारखा उतरतोस. दोहामार्गे गेलास तर शिकागोला लाइनमधे उभं राहायचं, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्स करायचं, पुढच्या विमानासाठी बॅगा परत द्यायच्या, आणि ओहेअरला इंटरनॅशनल विमानं मुख्यतः टर्मिनल ५ ला येतात, डोमेस्टिकसाठी ट्रेनने दुसऱ्या टर्मिनलला. पहिल्यांदा जाणाऱ्याने ह्याला चार तास धरावेत. ऑगस्टमधे विद्यार्थ्यांची गर्दी असते, तीन तासही कमी पडू शकतात.

पण सीनियर एक विसरतोय, मुंबईपर्यंत यायचं कसं? नागपूर-मुंबई वेगळं तिकीट काढलंस तर डोमेस्टिकला साधारण १५ किलोच चालतात, तुझ्याकडे दोन बॅगांत ४६ किलो, जादा किलोंचे पैसे भरताना बाबांचा चेहरा बघवणार नाही. आणि आता मुंबईत दोन एअरपोर्ट आहेत. नवी मुंबईचं डिसेंबर २०२५ मधे सुरू झालं, त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. डोमेस्टिक नवी मुंबईला आणि इंटरनॅशनल अंधेरीच्या बाजूला, असं तिकीट काढून बसशील आणि मग टॅक्सीत ट्रॅफिक बघत बसशील. नागपूर-मुंबई-अबू धाबी-शिकागो-इंडियानापोलिस सगळं एकाच तिकिटावर मिळत असेल तर सीनियरचं ऐक, नसेल तर घरच्यांचं. दोहावालं बऱ्यापैकी सोपं आहे, फक्त शिकागोला वेळ सोड. आय-ट्वेंटी (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) आणि बाकी कागद हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे टाकलेस तर इमिग्रेशनला काय दाखवणार?

बॅग नाहीच आली तर एअरपोर्ट सोडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदव, त्याला पीआयआर म्हणतात, आणि त्याची कॉपी घे. बॅग फुटली असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत.

प्रश्न : सासूबाईंना सोबत नेतेय. त्या संकष्टी करतात आणि नेमकी प्रवासाच्या दिवशी आलीये. कुठल्या एअरलाइनमधे उपासाचं मिळतं?
— डोंबिवलीहून एक सूनबाई

उत्तर : साबुदाण्याची खिचडी कोणीच देत नाही हो! पण फ्रूट प्लॅटर हे स्पेशल मील बऱ्याच मोठ्या एअरलाइनकडे असतं, बुकिंगमधे एफपीएमएल असं दिसेल, ते निवडा. एरवीसाठी एव्हीएमएल म्हणजे आपलं भारतीय शाकाहारी, कांदा-लसूण नको असेल तर व्हीजेएमएल म्हणजे जैन. निदान २४ तास आधी नोंदवावं लागतं, आणि प्रवाशागणिक, प्रत्येक विमानासाठी वेगळं झालंय ना ते बघा, पहिल्या विमानात फळं आली आणि दुसऱ्यात चिकन आलं असं होतं. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर पर्समधे ठेवा. ट्रेमधलं सफरचंद मात्र ‘नंतर खाईन’ म्हणून पिशवीत टाकू देऊ नका, उतरायच्या आत संपवायला सांगा, ताजं फळ घेऊन अमेरिकेत शिरलं की कटकट. चंद्रोदय कुठल्या गावचा धरायचा हे तुम्ही दोघी ठरवा, त्यात मी पडत नाही.

प्रश्न : उंची सहा फूट एक इंच, कामासाठी टोरांटोला जाणं-येणं चालू असतं, कंपनी इकॉनॉमीच देते. कुठली एअरलाइन पायाला बरी?
— पिंपरीचा एक उंच

उत्तर : एअरलाइनपेक्षा विमान बघा. पायाची जागा इकॉनॉमीत जवळपास सगळीकडे ३१-३२ इंचच, तिथे फार आशा नाही, रुंदीत मात्र फरक पडतो. बोइंग ७७७ मधे आता बहुतेक ठिकाणी एका रांगेत दहा सीट कोंबल्यात, ३-४-३, खांद्याला खांदा. एअरबस ए३५० मधे बहुतेकांकडे नऊ आणि सीट जरा रुंद. ए३८० मधे खालच्या मजल्यावर दहाच असतात पण विमानच एवढं रुंद की चालून जातं. बोइंग ७८७ मधे नऊ असून अंग चोरून बसावं लागतं, पण ७८७ आणि ए३५० ह्या दोन्हींत आतला हवेचा दाब जास्त ठेवतात, सहा हजार फूट उंचीवर असल्यासारखा, जुन्या विमानांत तो आठ हजारांपर्यंत जातो. डोकं जड होऊन उतरणाऱ्यांना फरक कळतो.

पडद्यामागची पहिली रांग घेताना विचार करा, तिथे गुडघे मोकळे राहतात पण ट्रे सीटच्या हातात (आर्मरेस्टमधे) असल्याने तो हात वर उचलत नाही, सीट थोडी अरुंद होते, आणि पाळणा लावायची जागा तीच, म्हणजे शेजारी बाळ असायची शक्यता भरपूर. तुमच्या उंचीला एक्झिटच्या रांगेचे पैसे मोजणं वसूल आहे. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कला ‘ऑपरेटेड बाय’ काय लिहिलंय ते बघायला लावा, तिकिटावर एका एअरलाइनचं नाव आणि विमान दुसरीचं असं सर्रास चालतं, आणि मग सीट निवडायलाही त्या दुसरीच्या साइटवर जावं लागतं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी सीट मॅप परत उघडा. विमान बदललं असेल तर तुमची पैसे भरलेली सीट गुपचूप मधल्या सीटवर गेलेली असू शकते, लगेच फोन करा आणि तशीच सीट किंवा पैसे परत मागा.