प्राध्यापक संघटनेत एकी कशी आणावी? सदस्यांच्या वागण्याबोलण्याचे नियम करून उपयोग होतो का?

तुमच्या संघटनेत कायम आणि अतिथी (म्हणजे तात्पुरते नेमलेले) प्राध्यापक असे दोन तट पडलेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांची उणीदुणी निघतात, बैठकीला लोक यायचे बंद झालेत, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदूरच्या शासकीय महाविद्यालयांत बरीच वर्षं शिकवलं आणि संघटनेचं कामही केलं. नियम जरूर करा. पण त्याआधी तुमच्याकडे कुणाच्या अडचणीला कोण धावून जातं, ते नीट बघा. बोलण्यातला कडवटपणा बहुतेक वेळा तिथूनच येतो.

आमच्याकडे मध्य प्रदेशात कायम प्राध्यापकांच्या बरोबरीनं अतिथी विद्वान शिकवतात. मानधन दिवसाच्या हिशेबानं. त्या जागेवर कायम माणूस रुजू झाला की अतिथी ‘फॉलन आउट’, म्हणजे कामावरून बाहेर. हा सरकारी शब्द आमच्या स्टाफरूममध्ये रोजचा झालाय, आणि तो ऐकला की मला आजही त्रास होतो. 2019 च्या अखेरीस लोकसेवा आयोगातून निवड झालेले सहायक प्राध्यापक नियुक्तीपत्रांसाठी महूहून भोपाळला पायी निघाले होते. त्यांच्या नियुक्त्या झाल्या, तसे अतिथी विद्वान बाहेर पडले आणि ऐन थंडीत भोपाळच्या शाहजहानी पार्कात धरणं धरून बसले. दोघांचीही मागणी रास्त होती. भरती वर्षानुवर्षं रखडवली सरकारनं, आणि स्टाफरूममध्ये तोंड फिरवून बसले हे दोघं! संघटनेनं त्या वेळी दोघांना समोरासमोर बसवून हे स्पष्ट बोलायला हवं होतं. जिथे ते बोललं गेलं तिथे माणसं टिकली.

बदलीचंही तसंच. इंदूरला बदली कुणाला नको असते? कुणाचे आईवडील इथे, कुणाच्या मुलांचं शिक्षण इथे. पण एक कायम प्राध्यापक आला की त्या विषयाचा अतिथी गेला. यावर आमच्याकडे एक रीत पडली. अतिथी बाहेर पडला की त्याच विभागातल्या कायम सदस्यानं त्याच्यासोबत चॉइस फिलिंगला, म्हणजे पोर्टलवर पसंतीची महाविद्यालयं भरायला बसायचं, कुठे जागा रिकामी आहे त्याची फोनाफोनी करायची, आणि त्याचं अनुभव प्रमाणपत्र प्राचार्यांकडून ताबडतोब काढून द्यायचं. पोर्टलसमोर शेजारी बसून तासभर खपलेला माणूस दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याच सहकाऱ्याला टोमणे मारत नाही, हे मी पाहिलंय.

आता वागण्याबद्दल. तुमच्या संघटनेची इतिवृत्ताची वही काढा आणि कोणतंही पान वाचा. आमच्या वहीत असं असायचं: ‘डॉ. अमुक यांनी सूचना मांडली, डॉ. तमुक यांनी अनुमोदन दिले, मॅडमनी पगाराबाबत विचारले, अतिथींपैकी एकाने शंका काढली.’ पुरुषाला पदवीसकट नाव, बाईची नुसती ‘मॅडम’ आणि अतिथी तर बिनचेहऱ्याचा. ज्याचं नावच वहीत येत नाही तो पुढच्या बैठकीला कशाला येईल? आम्ही ठरवलं की जो बोलेल त्याचं पूर्ण नाव लिहायचं. चहाचं बघायला दर वेळी महिला सदस्यांनाच उठवायचं, तेही बंद केलं. आणि बैठक संध्याकाळी उशिरा ठेवायची नाही, कारण मग देपालपूर-सांवेरहून ये-जा करणाऱ्यांना, आणि घरी लहान मूल असलेल्यांना, बसताच येत नाही.

ग्रुपसाठी एकच नियम पुरतो: सूचना आणि कागदपत्रं ग्रुपवर, तक्रार आणि वाद बैठकीत. बैठकीत मात्र वादाला भरपूर जागा ठेवा. एकीच्या नावाखाली लोकांना गप्प बसवणारी संघटना मला मान्य नाही. ‘तुमचा प्रस्ताव चुकीचा आहे’ असं खुशाल म्हणावं. ‘तुम्ही प्राचार्यांचे माणूस आहात’ असं म्हणू नये, आणि कुणी म्हणालंच तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावं. मग तो कितीही ज्येष्ठ असो. ज्येष्ठांना थांबवणं आपल्या लोकांना फार जड जातं, सगळ्यांना ‘सर’ म्हणायची सवय असते. पण एकदा थांबवलं की तरुण सदस्यांची भीड चेपते.

एक गोष्ट मात्र संघटनेच्या चार भिंतींत मिटवू नका. एखाद्या सदस्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार आली, तर ‘संघटनेची बदनामी होईल’ म्हणून समजूत घालायला जाऊ नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे ती लेखी तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे गेली पाहिजे, आणि तक्रार देण्याची मुदत प्रसंग घडल्यापासून साधारण तीन महिन्यांची असते. तडजोडीच्या बैठकांत ते दिवस निघून जातात. तक्रार करणारी आपली सदस्य आहे, तिच्या पाठीशी उभं राहणं हे संघटनेचंच काम आहे.

एवढं सगळं का करायचं, असं कुणी विचारलं तर त्याला 1988 चा सुंदरंबल खटला सांगा. त्यात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही असं ठरवलं. म्हणजे कारखान्यातल्या युनियनला त्या कायद्याचा जो आधार मिळाला, तो आपल्याला मिळाला नाही. आपल्या निवेदनाला वजन येतं ते त्याखालच्या सह्यांमुळे, आणि त्यात कायम, अतिथी, ग्रंथपाल, क्रीडा अधिकारी सगळ्यांच्या सह्या असल्या तरच प्राचार्य ते पुढे पाठवतात.

तुमच्या घटनेत अतिथींना मतदानाचा हक्क आहे की ते नुसते वर्गणीदार आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हक्क नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे आणा. घटनेतलं सदस्यत्वाचं कलम इथे खाली टाकलंत तर दुरुस्तीचा मसुदा करायला मी मदत करीन.