नागपूरची छोटी बॅप्टिस्ट मंडळी आली कुठून, आणि तिचा इतिहास शोधायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या कागदपत्रांत १९५०च्या दशकातला बाप्तिस्म्याचा दाखला सापडला, त्यावर ‘बॅप्टिस्ट मंडळी, नागपूर’ असा शिक्का आहे. नागपूरचं मिशन तर स्कॉटिश, हिस्लॉपसाहेबांचं. मग ही मंडळी, म्हणजे हे स्थानिक चर्च, कुठलं, तिच्याबद्दल कुठे छापून का आलेलं नाही, आणि ती पुढे सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, गेली का?

मी नागपुरातल्या अशाच एका लहान मंडळीत वाढलो आणि काही वर्षं तिचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे काय, तर जुनी रजिस्टरं आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो. म्हणून उत्तर जरा लांबणार.

सुरुवातीलाच एक सवय सोडा. आपल्याकडे कुठल्याही चर्चचा इतिहास लिहायला घेतला की पहिल्या ओळीत एखादा गोरा साहेब लागतो. तो बोटीतून उतरतो, बंगला बांधतो, शाळा काढतो. नागपूरच्या बॅप्टिस्टांच्या बाबतीत असा साहेब शोधत बसाल तर वर्ष जाईल. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. त्यांच्यात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, बॅप्टिस्टांत फक्त कळत्या वयात. पुढे मिशनांनी आपापली क्षेत्रं वाटून घेतली. अकोला, खामगाव अलायन्स मिशनकडे आलं, यवतमाळ फ्री मेथॉडिस्टांकडे. बॅप्टिस्टांची मोठी कामं बंगाल, ओडिशा, तेलुगू किनारा आणि ईशान्येकडे. नागपुरात त्यांचा कॉलेज-हॉस्पिटलवाला कारभार नव्हता. मिशन नाही म्हटल्यावर मिशनचे अहवाल नाहीत, आणि अहवाल नाहीत म्हणून पुस्तकात नाव नाही.

मग माणसं आली कशी? बदलीच्या ऑर्डरवर.

मुंबईकडून जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये. पण आपल्या विषयाशी संबंध आहे तो दुसऱ्या रेल्वेचा. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने नागपूर-छत्तीसगडची मीटरगेज लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत नागपूर आसनसोलला जोडलं. याच बी.एन.आर.च्या एका फाट्याने तेलुगू किनारा खरगपूरशी जोडला गेला. फिटर, खलाशी, गँगमन, गार्ड, दवाखान्यातल्या नर्सेस अशी तेलुगू माणसं खरगपूरच्या कारखान्यात भरली, आणि तिथून बिलासपूर, डोंगरगड, गोंदिया करत नागपूरच्या मोतीबागेपर्यंत आली. त्यातली कितीतरी आधीपासूनच बॅप्टिस्ट होती.

का होती, हे कळायला जरा मागे जावं लागतं. १८७६ ते ७८ या दुष्काळात मद्रास इलाख्यात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. ओंगोलचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा साडेतीन मैलांचा ठेका घेतला आणि भुकेल्या लोकांना, त्यातही बहुतांशी मादिगा या दलित समाजाला, काम दिलं. दुष्काळ चालू असेतो त्यांनी बाप्तिस्मे थांबवून ठेवले होते, लोक पोटासाठी येताहेत असं कोणी म्हणू नये म्हणून. काम संपल्यावर ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. उत्तरेला काकिनाड्याच्या बाजूने कॅनडाचे बॅप्टिस्ट १८७४ पासून काम करत होते. या दोन्ही पट्ट्यांतल्या नातवंडांना रेल्वेत नोकऱ्या लागल्या. गावची जात, गावचा माला-मादिगा वाडा मागे टाकायला रेल्वे क्वार्टरइतकी सोयीची जागा त्या काळी दुसरी नव्हती, हे माझं मत. त्याआधीही कामठीच्या छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असायच्या, म्हणजे तेलुगू आणि तमिळ कानावर पडणं नागपूरला नवं नव्हतं.

आमच्या मंडळीचं सगळ्यात जुनं सभासद रजिस्टर उघडलं की हाच प्रवास समोर येतो. रकाने असे: नाव, बाप्तिस्म्याची तारीख, ठिकाण, कोणाच्या हातून, मंडळीत कसे आले, मंडळीतून कसे गेले. ‘कसे आले’ या रकान्यात तीनच गोष्टी असतात. बाप्तिस्म्याने, पत्राने, किंवा साक्षीने. पत्राने म्हणजे आधीच्या मंडळीने दिलेलं बदलीपत्र, की अमुक भाऊ आमच्याकडे चांगल्या नावाने होते, त्यांना तुमच्यात घ्या. साक्षीने म्हणजे स्वतः मंडळीपुढे आपल्या विश्वासाबद्दल सांगून. आमच्या पहिल्या पानांवर ‘पत्राने, खरगपूर’ इतक्या वेळा लिहिलंय की पुढे लिहिणाऱ्याने नुसत्या दोन टिंबांवर भागवलंय. ‘कसे गेले’ मध्ये बदली, मृत्यू, आणि क्वचित ‘नाव काढले’. नाव काढण्याचं कारण त्या रकान्यात नसतं. ते बैठकांच्या इतिवृत्तात सापडतं आणि बरेचदा वाचणाऱ्याला हसू येतं. दारू असतेच. पण एका भावाचं नाव पेटीच्या सुरावरून झालेल्या भांडणात गेलं आणि पुढच्याच बैठकीत परत आलं.

बॅप्टिस्टांचा इतिहास अशा वहीत का असतो हे लक्षात घ्या, म्हणजे शोध सोपा जाईल. त्यांच्यात मंडळीच्या वर बिशप नसतो. पाळक (पास्टर) कोण हवा, कोणाला सभासद करायचं, पैसे कशावर खर्च करायचे, हे बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्या सभासदांच्या बैठकीत मताने ठरतं. इंग्लंडमध्ये १६१२ च्या सुमाराला लंडनजवळ पहिली बॅप्टिस्ट मंडळी जमली तेव्हापासून हाच बाणा आहे: राजाने आमच्या विश्वासात बोट घालू नये. छान आहे, पण त्याची किंमत अशी की वरच्या कार्यालयात दुसरी प्रत कुठेच जात नाही. सेक्रेटरीच्या घरात पाणी शिरलं की वीस वर्षं गेली.

दुसरी अडचण वंशावळ शोधणाऱ्यांची. प्रेस्बिटेरियन किंवा अँग्लिकन रजिस्टरात बाळाचा बाप्तिस्मा असतो, म्हणून जन्मतारीख आणि आईबापांची नावं आपसूक मिळतात. बॅप्टिस्टांत माणूस कळत्या वयात स्वतः साक्ष देतो आणि मगच पाण्यात उतरतो. तुमच्या आजोबांचा दाखला १९५०च्या दशकातला असेल तर त्या वेळी ते पंधराचे असतील किंवा पस्तिशीचे. दाखल्यावरून वय काढू नका. आईवडिलांचं नाव हवं असेल तर ‘बालक समर्पण’ अशी वेगळी नोंद कुठे आहे का ते बघा. कुठे असते, कुठे नसते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बाप्तिस्मा बुडवून, त्यामुळे पाणी कमरेइतकं तरी हवं. आमच्याकडे सिमेंटचा हौद बांधेपर्यंत कन्हान नदीवर जात. मे महिन्यात नागपूरच्या नदीत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून जुन्या रजिस्टरात बाप्तिस्म्याच्या तारखा बहुतेक दिवाळीनंतरच्या आणि नाताळाच्या आसपासच्या. म्हाताऱ्या बाया अजून सांगतात की पाळकसाहेब नदीत उभे राहून तेलुगूत प्रार्थना करत आणि काठावरची मंडळी कुडकुडत मराठीत गात असे.

मराठी आली ती दुसऱ्या पिढीबरोबर. पोरं नागपूरच्या शाळेत शिकली, घरी तेलुगू बोलणारी पण वाचता न येणारी झाली. आधी संध्याकाळची उपासना मराठीत सुरू झाली, मग सकाळचीही. त्यावरून झालेल्या वादाने आमच्या इतिवृत्तांची पानंच्या पानं भरली आहेत. उपासना कुठल्या भाषेत यापेक्षा मोठा प्रश्न त्या मंडळीपुढे कधी आला असेल असं मला वाटत नाही. त्याच सुमाराला वऱ्हाडातून नोकरीसाठी आलेली अलायन्सची कुटुंबंही येऊन मिळाली. त्यांच्यातही बुडवूनच बाप्तिस्मा, त्यामुळे त्यांना काही परकं वाटलं नाही. त्यांनी भजनं आणली, टाळ आणले. आता शिकायला आलेली नागा, मिझो मुलं दिसतात. आपल्याकडे पुष्कळांना हे ठाऊक नसतं की नागा लोकांत बॅप्टिस्टच बहुसंख्य आहेत. त्यांची स्वतःची सहभागिताही (फेलोशिप) असते, पण गिटार वाजवायला हक्काने आमच्याकडे येतात.

आता मिशनरी विल्यम कॅरी. कोणीतरी तुम्हाला सांगेल की नागपूरचे बॅप्टिस्ट कॅरीपासून सुरू होतात. कॅरी बॅप्टिस्ट होते हे खरं, आणि मराठीशी त्यांचं नातं मोठं आहे: बंगालमधल्या श्रीरामपूरहून (आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे) १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश. वैजनाथ पंडित त्यांच्या हाताशी होते. नागपूरकरांना गंमत वाटेल, १८१६ मध्ये रघूजी भोसल्यांची वंशावळ तिथेच मोडीत छापली गेली. पण पुस्तकं छापल्याने रविवारची मंडळी जमत नाही. तुमच्या दाखल्याचा त्या छापखान्याशी धागा जोडायचा मोह टाळा.

सी.एन.आय.चं म्हणाल तर ती नागपूरचीच घटना. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात बॅप्टिस्टही होते: उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, म्हणजे मुख्यतः ब्रिटिश मिशनच्या वारशातल्या मंडळ्या. त्यांच्यासाठी नव्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठ्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य करण्यात आले. तेलुगू बॅप्टिस्ट मात्र १९४७ मध्ये दक्षिणेच्या सी.एस.आय.मध्येही (चर्च ऑफ साउथ इंडिया) गेले नव्हते, आणि ईशान्येचे बॅप्टिस्टही बाहेरच राहिले. थोडक्यात, ज्या शहरात हे एकीकरण झालं तिथलीच छोटी बॅप्टिस्ट मंडळी त्याच्या बाहेर असणं अगदी शक्य आहे. आमची बाहेरच राहिली. तुमच्या आजोबांची कुठल्या बाजूची, हे आधी मंडळीचं मूळ तेलुगू की ब्रिटिश मिशनकडचं, यावर ठरेल.

आता शोधायचं कुठे. सगळ्यात कमी वापरली जाणारी वाट म्हणजे सरकारी राजपत्र. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात बिशपच्या हातून दीक्षा झालेल्या पाळकाला आणि चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकाला लग्न लावण्याचा अधिकार थेट आहे. बॅप्टिस्ट पाळकाला सरकारचं लायसन्स लागतं आणि ते राजपत्रात जाहीर होतं. म्हणजे जिथे मंडळीचा कागद नाही तिथे सरकारनेच पाळकाचं नाव छापून ठेवलेलं असतं. फक्त राजपत्र कुठलं ते नीट बघा: १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी, मग चार वर्षं मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. आजोबांचा दाखला नेमका या घोळाच्या काळातला आहे. जुन्या राजपत्रांसाठी पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेत चौकशी करा.

मंडळीची जागा स्वतःची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ट्रस्टच्या नोंदीचा उतारा मिळतो. त्यात पहिले विश्वस्त आणि मिळकत दिसते. जागा रेल्वेची किंवा भाड्याची असेल तर तिथे हात हलवत परत याल. कबरस्तानात तेलुगू अक्षरं कोरलेले दगड बघा, फोटो काढून आणा आणि एखाद्या तेलुगू शेजाऱ्याकडून वाचून घ्या.

मंडळी अजून चालू असेल तर रविवारी उपासनेनंतर जा, आधी नको. सेक्रेटरीला सरळ ‘रजिस्टर दाखवा’ म्हणू नका; त्यात लोकांच्या खासगी गोष्टी असतात आणि मीसुद्धा कोणाला सबंध वही हातात दिली नसती. आजोबांचं नाव आणि दाखल्यावरची तारीख लिहून अर्ज द्या, तेवढी ओळ शोधून मिळेल. ‘कसे आले’ मध्ये ‘पत्राने’ असेल तर पुढचं पत्र त्या गावच्या मंडळीला. ‘बाप्तिस्म्याने’ असेल तर इतिवृत्ताच्या वहीत त्याच महिन्याची बैठक काढायला सांगा, कारण पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाची साक्ष मंडळीपुढे होते आणि कधीकधी ती दोनचार ओळींत लिहून ठेवलेली असते.

आणि दाखल्याची मागची बाजू पाहिली का? पुष्कळदा बदलीपत्राची नोंद तिथेच केलेली असते. शिक्क्यावरची भाषा कोणती आणि खाली सही पाळकाची की सेक्रेटरीची, एवढं इथे कळवलंत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल. नावं मात्र इथे टाकू नका.