एलईडीचे वॅट वाढवले तर व्हीएलसी सुधारेल का?

भाऊ, तुमची तक्रार अशी की जळगावच्या लॅबमध्ये व्हीएलसीने, म्हणजे छतावरच्या एलईडीचा उजेड वेगाने कमी-जास्त करून पाठवलेला डेटा रात्री नीट येतो, दुपारी खिडकीकडच्या टेबलावर तुटतो. मग १० ऐवजी २० वॅट लावू का? नका लावू. वॅट वाढवा हा सल्ला प्रोजेक्ट तपासणारे हमखास देतात, आणि माझा त्यांच्याशी जुना वाद आहे.

धुळ्याला आमच्या सेटअपवर हेच झालं होतं. रिसीव्हरला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की प्रवाह देणारा), पुढे १०० किलोओहमचा टीआयए (त्या प्रवाहाचं व्होल्टेज करणारा अँप्लिफायर), सप्लाय ५ व्होल्ट. खानदेशातल्या मे महिन्याचं ऊन खिडकीतून आलं की डायोडमधून ५० मायक्रोअँपिअर सहज वाहतात. गुणाकार करा: ५ व्होल्ट. आउटपुट सप्लायला चिकटलं, सिग्नलला हलायला जागाच नाही. परीक्षक म्हणाले, एलईडी कमजोर आहे. टीआयएच्या नंतर कपॅसिटर (स्थिर भाग अडवून फक्त बदलता सिग्नल सोडणारा) लावूनही उपयोग नसतो, कारण सिग्नल त्याआधीच कापला गेलेला असतो. कपॅसिटर टीआयएच्या आधी हवा: डायोडला १० किलोओहममधून रिव्हर्स बायस (उलट दिशेचं व्होल्टेज) द्या, तिथून १ नॅनोफॅरडने सिग्नल टीआयएत न्या. साधारण १६ किलोहर्ट्झच्या खालचं गळून जातं. ऊनही, ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची थरथरही. फक्त मँचेस्टर कोडिंग ठेवा, म्हणजे प्रत्येक बिटच्या मधोमध सिग्नल वर-खाली होतो; नाहीतर सलग शून्यं आली की बेसलाइन (सिग्नलची मूळ पातळी) सरकते. आधी ऑसिलोस्कोप डीसी कपलिंगवर (स्थिर व्होल्टेजही दिसेल असा) ठेवून टीआयएचं आउटपुट बघा, पडदा ओढा, परत बघा. पाच मिनिटांत वाद मिटतो.

वेगाचं म्हणाल तर पांढऱ्या एलईडीतला पिवळा फॉस्फर (निळ्या चिपवरचा, पिवळा उजेड देणारा थर) सुस्त असतो, काही मेगाहर्ट्झलाच दमतो. त्याला वॅट काय करणार? उलट मोठ्या चिपची कपॅसिटन्स जास्त. रिसीव्हरवर निळा फिल्टर लावला तर बँडविड्थ वाढते, पण बराच प्रकाश वाया जातो. तुमचा डेटा सेकंदाला एक मेगाबिटच्या आत असेल तर लावू नका. आणि बाजारातल्या बल्बच्या ड्रायव्हरमधून (आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटमधून) मॉड्युलेशन, म्हणजे डेटाप्रमाणे उजेड बदलणं, होत नाही, त्यातला कपॅसिटर सगळं सपाट करतो. ड्रायव्हर काढून मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) लावा.

वॅट अगदीच निरुपयोगी नाहीत, हेही सांगतो. साध्या ६० अंशांच्या (मधल्या रेषेपासून ६० अंशांवर उजेड निम्मा होणाऱ्या) एलईडीखालून ४५ अंश बाजूला गेलात की डायोडचा प्रवाह चौथाईवर येतो. तिथे प्रकाश कमी पडतोच. पण तेव्हाही एक २० वॅटचा लावण्यापेक्षा १० चे दोन, लांब लांब लावा. दोन्हींतून एकच डेटा जाऊ द्या. अंतरात तीन मीटरचा फरक म्हणजे दहा नॅनोसेकंद, तुमच्या वेगाला ते जाणवणारही नाही. वेगवेगळा डेटा पाठवायचा असेल तर मधल्या टेबलावर दोघांची सरमिसळ होईल, तिथे टाइम स्लॉट (आळीपाळीने पाठवायच्या वेळा) वाटून द्यावे लागतील.