भोपळा, भोंडला आणि वाकडा कंदील

या महिन्यात तुमची पत्रं आणि मेसेज एवढे आलेत की निवडता निवडता माझी चहाची दोन भांडी करपली. बहुतेकांचं म्हणणं एकच, नवरात्र ते दिवाळी घरात काहीतरी वेगळं करायचंय पण डोक्यात काही येत नाही. पाच जणांना इथे उत्तर देतेय, बाकीच्यांनी रागावू नका.

ताई, मी सीझन बदलला की पिंटरेस्ट उघडते, म्हटलं घरासाठी नि मुलींसाठी (वय ७ आणि ११) काही आयडिया मिळतील. तर तिथे नुसती केशरी पानं, पायनकोन, लोकरी पांघरुणं आणि शेकोटी! इथे आम्ही पंख्याखाली घाम पुसतोय. ते बघून उलट डोकंच बंद पडतं. काय करू? — हडपसर, पुणे

अगं, ती पानं त्यांच्याकडे खरंच गळतात म्हणून ते ती टोपलीत भरून ठेवतात. त्यांचं बरोबरच आहे, फक्त ते तुझ्या दारात घडत नाहीये. तुझ्या दारात आत्ता काय घडतंय ते बघ ना. पारिजातकाचा सडा पडत असेल, मंडईत झेंडूचे ढीग यायला लागले असतील, घटाला वाहायला ती पिवळी कारळ्याची फुलं येतात ती आली असतील. शरद म्हणजे आपल्याकडे हे. आणि हो, ऑक्टोबर हीट पण, ती कुठे जात नाही.

पारिजातकापासूनच सुरू कर. सकाळी मुलींना फुलं वेचायला पाठव, पांढऱ्या पाकळ्या राहू देत, केशरी देठ तेवढे खुडून सावलीत वाळवायचे. आठ-दहा दिवसांत मूठ-दोन मुठी जमतात, मग ते पाण्यात उकळायचे, पाणी गाळून त्यात किंचित तुरटी टाकायची आणि जुना पांढरा सुती रुमाल बुडवून ठेवायचा. छान पिवळाधमक रंग येतो. टिकत फार नाही, दोन-चार धुण्यांत फिका पडतो, तेव्हा साडीबिडीवर प्रयोग नको! पण सात वर्षांच्या पोरीला फुलाच्या देठातून रंग निघताना बघायला मिळतो, ते भारी असतं.

आणि भोंडला कर गं घरी. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरपासून, याचे दिवस, आता बहुतेक जण नवरात्रातच उरकतात. मंडळाच्या हॉलमध्ये माइक लावून करतात तसला नको, चार मैत्रिणी आणि एक पाट बास. पाटावरचा हत्ती धान्याने भरायला दे मुलींना, तांदळाचं अंग, हरभऱ्याच्या डाळीची झूल, काळ्या उडदाचा डोळा. आमच्याकडे एकदा हत्तीची सोंड एवढी लांब झाली की पाट संपला नि ती फरशीवर उतरली, मुली ती कुणाला पुसू देईनात. दुसऱ्या दिवशी सगळं मिसळलेलं धान्य कोण निवडत बसणार, गेलं भाजणीत. खिरापत ओळखायचा खेळ मात्र मनापासून खेळा, डबा हलवून आवाजावरून ओळखतात ना, तर आत एक सुपारी टाकून ठेवायची, मग सगळे फसतात.

तू पत्रात लिहिलंयस की सासर अकोल्याचं आहे. मग सासूबाईंना भुलाबाईचं विचार की! विदर्भ-खानदेशात भुलाबाई-भुलोजींची मातीची जोडी बसवतात, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. एका घरात भोंडला पण आणि भुलाबाई पण, म्हणजे दोन खिरापती. पिंटरेस्टवाल्यांकडे आहे का हे?

आम्ही न्यू जर्सीत असतो. इकडे खरोखर पानं लाल-पिवळी होतात, शेजारी दारात भोपळे मांडतात, मुलगा (८) म्हणतो आपण पण मांडू. मला वाटतं आपला दसरा-दिवाळी मागे पडेल. आपट्याची पानं तर मिळतच नाहीत. — एक आई, न्यू जर्सी

मांडू दे की गं त्याला भोपळा! भोपळा काय परका आहे का आपल्याला? कोरून झाला की आतला गर... थांब, तो कोरायचा मोठा भोपळा असतो ना, तो पाणचट निघतो, त्याचे घारगे करायला गेलीस तर पीठच पीठ खाईल. दुकानात 'पम्पकिन पाय' या गोड पदार्थासाठी म्हणून छोटे भोपळे असतात ते घे, नाहीतर बटरनट जातीचा. किसून नुसता वाफवायचा, गरम असतानाच गूळ घालून विरघळवायचा, चिमूट मीठ, मावेल तेवढीच कणीक आणि कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाचं पीठ. पाणी एक थेंब नाही. केळीचं पान नसेल तर प्लास्टिकच्या कागदावर थापून, खसखस लावून तळ. शेजाऱ्यांना दे चार. दारात त्यांचा भोपळा, ताटात आपला, भांडण कसलं त्यात.

आपट्याचं सांगते, हे ऐकून तुला मजा वाटेल. तुमच्याकडे रेडबड नावाचं झाड असतं, वसंतात गुलाबी फुलांनी भरतं ते, ते आपट्याच्याच गोत्रातलं, वनस्पतिशास्त्रात दोघांचं उपकुळ एकच. आपट्याचं पान दोन दलांचं, रेडबडचं बदामाच्या आकाराचं, आणि तुमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास ते पिवळं पडायला लागतं. आता पिवळं पान सोनं म्हणून द्यायला आपल्या हिरव्या पानापेक्षा जास्त शोभतं की नाही सांग! खाली पडलेलीच वेचायला सांग मुलाला. आमच्याकडे दसऱ्याला आपट्याच्या अख्ख्या फांद्या ओरबाडून आणतात नि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात, ते बघून मला दरवर्षी वाईट वाटतं. वर लोक कांचनाची पानं आपटा म्हणून विकतात आणि आपण घेतो.

नातू नऊ वर्षांचा, दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे. मोबाइल सोडत नाही. आम्ही लहानपणी किल्ला करायचो, पण आता फ्लॅट, अंगण नाही, माती कुठून आणणार, आणि माझे गुडघे. काही होईल का? — एक आजोबा, डोंबिवली

नमस्कार काका. होईल, मस्त होईल. फक्त नातवाला 'मोबाइल ठेव' असं म्हणू नका, त्याला म्हणा मोबाइलवर मला एक नकाशा काढून दे. कुठला ते सांगते.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दरवर्षी आपण जो एक गोल डोंगर, वर सिंहासन नि बाजूला बुरुज असा 'कुठलाच नसलेला' किल्ला करतो ना, त्याऐवजी या बारांतला एक खरा निवडा. गॅलरी अरुंद असेल तर लोहगड. त्याचा विंचूकाटा म्हणजे लांबच लांब निमुळती सोंड, गॅलरीच्या कठड्याकडेने बरोब्बर बसते. गॅलरीच नसेल तर खांदेरी, तो समुद्रातला, एका जुन्या परातीत किंवा मुलाच्या आंघोळीच्या टबात पाणी घाला, मधे वीटभर किल्ला, कागदी होड्या सोडा. मातीही कमी लागते. राजगड करायचा तर तीन माच्या नि मधे बालेकिल्ला, पण तो पुढच्या वर्षी करा, पहिल्याच वर्षी हात दाखवून अवलक्षण नको.

गुडघ्यांचं म्हणाल तर टेबलावर करा, जुनं प्लायवुड टाकून. विटा, खोकी, काहीही रचा, त्यावर गोणपाट. गोणपाट कोरडं टाकायचं नाही, लाल माती नर्सरीतून एक पिशवी आणा, तिचा पातळ चिखल करून त्यात गोणपाट बुडवून पिळायचं नि मग पांघरायचं, सुरकुत्या पडतात त्याच कडे-कपारी. आणि त्या ओल्या उतारावर अळीव भुरभुरायचे. मोहरी गडगडत खाली येते, अळीव भिजले की बुळबुळीत होऊन जागच्या जागी चिकटतात. रोज सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं, धार धरायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब, पाचव्या दिवशी किल्ला हिरवागार. म्हणून वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. पाणी घालायची जबाबदारी नातवाची. एकदा तो रोज सकाळी उठून कोंब किती वाढले बघायला लागला की मोबाइलचा प्रश्न निम्मा तरी सुटतो, पूर्ण सुटेल असं खोटं सांगत नाही तुम्हाला.

आकाशकंदील घरी करायचाय, दोघंही नोकरी करतो, हाताला काही कौशल्य नाही. सोप्पा कुठला? — नाशिक

चांदणी करू नका, पाच टोकं जुळवताना नवरा-बायकोत भांडणं होतात. चोवीस कामट्यांचा करा. बांबूच्या तासलेल्या कामट्या, सगळ्या एकाच लांबीच्या, फूटभर. चार-चारचे सहा चौकोन दोऱ्याने बांधायचे. मग एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि उरलेले चार मधे टोकावर उभे, शंकरपाळ्यासारखे. प्रत्येक कोपरा शेजारच्या कोपऱ्याला बांधत गेलं की मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. गंमत ही की ते मोजावे लागत नाहीत, चौकोन सारखे असले की त्रिकोण सारखेच येतात.

'सारखे असले की' यावर जोर देतेय कारण पहिल्या वर्षी मी कामट्या डोळ्याने मापल्या. कंदील एवढा तिरका झाला की शेजारच्या काकू रोज विचारायच्या, वारा सुटलाय का गं. तेव्हा एक कामटी मापून कापा आणि बाकीच्या तेवीस तिच्यावर धरून कापा, पट्टी प्रत्येक वेळी लावू नका.

कागद पतंगाचा, चिकटवायला मैद्याची खळ. कागद लावताना जरा सैल, ढिला वाटतो, घाबरायचं नाही, खळ वाळली की ताणला जातो, बोटाने टिचकी मारली तर डफासारखा वाजतो. वरचा नि खालचा चौकोन उघडाच ठेवा, वरून वायर सोडायची आणि हवा खेळायला हवी. बल्ब एलईडीचाच. खाली झिरमिळ्या. शनिवारी सांगाडा, रविवारी कागद, दोन दिवसांत होतो. एकाच दिवसात करायला गेलात तर रात्री बारा वाजता खळीचे हात घेऊन बसाल आणि मला शिव्या द्याल.

मला काहीच सुचत नाही, वेळही नाही, घर भाड्याचं, एकच खिडकी. — मुंबई

मेथी पेर. फुटका डबा, माती, डब्यातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून. तीन-चार दिवसांत उगवते, तीन आठवड्यांत एका पराठ्यापुरती होते. कोजागिरीला दूध आटवलंस तर गच्चीवर जा, गच्चीला कुलूप असेल तर त्याच खिडकीत बस, ती पूर्वेकडची असेल तर चंद्र दिसेल. चारोळी महाग झालीय, नाही घातली तरी चालते.