आई-वडील आणि लहान मुलाला घेऊन पहिल्यांदाच क्रूझला जातोय. बोटीवरच्या सोयी आणि नियमांबद्दल आधी काय विचारून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ आहे, तुम्ही नवरा-बायको, सोबत सत्तरीला आलेले आई-बाबा आणि चार वर्षांचा मुलगा आहे, आणि एजंट म्हणतोय, ‘सगळं पॅकेजमध्ये आलं, तुम्ही फक्त बॅगा भरा.’ आम्ही पुण्याहून याच मार्गाने जाऊन आलो, सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी घेऊन. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

एजंटला ‘काय काय आलं?’ असं विचारू नका. ‘काय आलं नाही?’ असं विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. केबिन, मुख्य डायनिंग रूम आणि बुफेतलं जेवण, संध्याकाळचे कार्यक्रम, स्विमिंग पूल हे बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतं. वेगळे पैसे पडतात ते वाय-फाय, दारू, कॅनमधली कोल्ड्रिंक्स, बाटलीबंद पाणी, चांगली कॉफी, खास रेस्टॉरंट्स, स्पा, लाँड्री, बंदरावरच्या सहली आणि डॉक्टर यांचे. शिवाय टिप. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर माणशी दर रात्री साधारण १५ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढतात, आणि ते चार वर्षांच्या मुलालाही लागू असतात. तुम्ही पाच जण, चार रात्री. म्हणजे तीनशे ते चारशे डॉलर नुसत्या टिपेचे. काही एजंट हे आधीच भाड्यात घेतात, काही बोलतच नाहीत. आधी विचारलंत तर शेवटच्या दिवशी बिल बघून बाबांचा चेहरा उतरणार नाही.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चेक-इनला प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. त्याला तुमचं क्रेडिट कार्ड जोडतात. डेबिट कार्ड देऊ नका, कारण ते आगाऊ रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला नंतर कितीतरी दिवस जातात. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत वेगळा आकार लागतो, तोही धरून चला. मुलाच्या कार्डावरची खरेदी काउंटरवर सांगून बंद करता येते.

हे झाले पैशांचे नियम. ते आधी माहीत असले की पुरे, त्यात घासाघीस करा, नको ते घेऊ नका. पण दुसऱ्या प्रकारचे नियम असतात, जिवाचे. तिथे वाद घालून काही होत नाही आणि घालूही नये. भर समुद्रात १०१ला फोन केला म्हणून बंब येत नाही आणि १०८ला फोन केला म्हणून ॲम्ब्युलन्स येत नाही. आग आणि आजार या दोन गोष्टींना जहाज घाबरतं. हे एकदा डोक्यात बसलं की वरवर विचित्र वाटणारे निम्मे नियम आपोआप कळतात.

आमच्या सासूबाईंनी लग्न झाल्यापासून सांजवात चुकवलेली नाही. त्यांनी बॅगेत हातरुमालात गुंडाळून छोटं पितळी निरांजन, तुपात भिजवलेल्या फुलवातींची डबी आणि काडेपेटी ठेवली होती. त्याच बॅगेत मी, चार मोबाइल एकदम चार्ज करता येतील म्हणून, एक्स्टेन्शन बोर्ड टाकला होता. बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात, त्या एक्स-रेमधून जातात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. सगळ्या शेजाऱ्यांच्या आल्या, आमची ती एकच आली नाही. रात्रीचे साडेआठ झाले. सासऱ्यांची बीपीची गोळीही त्याच बॅगेत होती. शेवटी केबिनमधला फोन वाजला, ‘खाली सिक्युरिटीकडे या.’ मी आणि आई, म्हणजे सासूबाई, गेलो. छोट्या खोलीत आमच्यासारख्यांच्या बॅगा ओळीने उभ्या होत्या. कुणाची इस्त्री, कुणाची किटली. टेबलामागचा मुलगा निघाला गोव्याचा. त्याने काडेपेटी, वाती आणि बोर्ड बाजूला काढला, पावती दिली, आणि निरांजन दोन्ही हातांनी उचलून आईंना परत दिलं. म्हणाला, ‘आजी, हे राहू दे तुमच्याकडे. ज्योत तेवढी नको.’

पुढे रोज संध्याकाळी त्या न पेटवलेल्या निरांजनासमोर आजी आणि नात शुभंकरोती म्हणत होत्या. तुमच्या आईंचं असं काही असेल तर तुळशीबागेत सेलवर चालणाऱ्या पणत्या मिळतात, दोन घेऊन ठेवा. उदबत्ती, कापूर, मेणबत्ती, इस्त्री, किटली, इंडक्शन, इलेक्ट्रिक कुकर यातलं काहीही चालत नाही. एक्स्टेन्शन बोर्डही घरी ठेवा. जहाजाची वायरिंग घरासारखी नसते, आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरण वाचवणारा भाग) असलेले बोर्ड तिथे तापून पेट घेऊ शकतात. केबिनमध्ये प्लग कमी असतात आणि बहुतेक वेळा चपट्या पिनांचे किंवा युरोपियन असतात. तेव्हा ॲडॅप्टर आणि साधा यूएसबी चार्जर घ्या.

समुद्राला नारळ वाहायचा असं आईंच्या मनात होतं. जहाजावरून काहीही पाण्यात टाकायला मनाई आहे. फूल, नारळ, खायचा पदार्थ, काहीच नाही. पेनांगला उतरल्यावर किनाऱ्यावरून नुसता नमस्कार करून आलो.

औषधांचं मात्र आमच्यासारखं करू नका. सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर सिंगापूरमध्ये त्यासाठी आधी परवानगी लागू शकते, ते निघण्यापूर्वी बघून घ्या. बाबांना तंबाखूची सवय असेल तर पुडी पुण्यातच ठेवायला लावा. खायचा तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेट यांना सिंगापूरमध्ये बंदी आहे. त्याच हातातल्या बॅगेत पासपोर्ट, चार्जर, मुलाचा एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचे कपडे ठेवा. दुपारी चढल्यापासून मोठी बॅग येईपर्यंत पूल समोर दिसत असतो आणि लेकरू काही थांबत नाही.

जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तपासणीची फी डॉलरमध्ये असते आणि ती तुमच्या खात्यावर लागते. आपला इथला मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. प्रवास विमा घेताना दोनच प्रश्न विचारा: क्रूझ कव्हर आहे का, आणि बीपी-शुगर असे आधीपासूनचे आजार धरलेत का? जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवावं लागलं तर तो खर्च घर हादरवणारा असतो, म्हणून मेडिकल इव्हॅक्युएशन हे शब्द पॉलिसीत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. घरात कुणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून चढू देत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळही चालत नाही.

बोट लागण्याची भीती असेल तर केबिन खालच्या डेकवर आणि लांबीच्या मधोमध घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. गोळी कोणती ते आपल्या डॉक्टरांना विचारा. मळमळ सुरू झाल्यावर नाही, त्याआधी घ्यायची असते. आम्ही आवळासुपारी आणि आल्याची वडी नेली होती, तीही उपयोगी पडली.

बाबांना चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअरची विनंती बुकिंगच्या वेळीच नोंदवा. जहाजाची खुर्ची सहसा चढ-उताराला मिळते, दिवसभर वापरायला नाही. आणि फुकेतला जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने नेणार, हे नक्की विचारा. मोठी जहाजं अनेकदा पटाँगच्या किनाऱ्यासमोर समुद्रातच उभी राहतात. हलत्या छोट्या बोटीत पाऊल टाकणं गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोपं नाही, आणि लाटा जास्त असतील तर खुर्चीवरच्या प्रवाशाला नेतही नाहीत. पेनांगला मात्र धक्क्यावरून उतरून जॉर्जटाउनमध्ये पायी किंवा सायकलरिक्षाने फिरता येतं, तिथल्या लिटल इंडियात इडली-डोसाही मिळतो.

बंदरावर सगळ्यात मोठी चूक होते ती घड्याळाची. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, थायलंड एक तास मागे आहे. जहाजाने सिंगापूरची वेळ कायम ठेवली आणि फुकेतला तुमच्या मोबाइलने आपोआप थाई वेळ धरली, तर तुम्ही चार वाजलेत म्हणून निवांत शहाळं पीत बसाल आणि जहाजावर पाच वाजलेले असतील. साधं मनगटी घड्याळ घाला आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी आत यावंच लागतं. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही बाहेर ठरवलेल्या टॅक्सीसाठी नाही. आई-बाबा सोबत असताना मी फुकेतची सहल जहाजाकडूनच घेईन, महाग असली तरी.

पहिल्या दिवशी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे धोका आला तर कुठे जमायचं याचा सराव. कंटाळा करून केबिनमध्ये बसू नका. १३ जानेवारी २०१२ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं, कारण तेव्हा चोवीस तासांत केलं तरी चालत होतं. आता ते जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी करावंच लागतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याची सूचना. आपली जमायची जागा कोणती, तिथे कोणत्या जिन्याने जायचं, हे आई-बाबांना एकदा हात धरून चालत दाखवा. लिफ्ट तेव्हा वापरायची नसते. मुलाच्या मनगटावर जो पट्टा बांधतात, त्यावर त्याच्या जमायच्या जागेचा क्रमांक असतो, तो काढू देऊ नका.

जेवणाचं सांगते, कारण आपल्याकडे निम्मी काळजी तीच असते. बुकिंगमध्ये ‘व्हेज’ एवढंच लिहू नका; अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हेही लिहा. पहिल्या रात्री डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटून सांगितलं तर पुढच्या दिवसांसाठी डाळ-भात, भाजी करून देतात, आम्हाला दिली. उपवास असेल तर फळं, दूध, दही मिळतं, साबुदाण्याची आशा ठेवू नका. घरचा शिजवलेला डबा जहाजावर चालत नाही. बाकरवडी, चिवडा, खाकरा असं कंपनीचं सीलबंद पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं, पण तुमच्या जहाजाचा नियम वाचा. पहाटे चहा लागणाऱ्यांसाठी तयार चहाचे सॅशे घ्या, गरम पाणी बुफेत मिळतं. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, तेव्हा बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. जेवणाआधी साबणाने हात धुवा, नुसतं सॅनिटायझर नको. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दबत नाही.

संडासात जेट नसतो. छोटा मग न्या. फ्लश विमानासारखा ओढून घेणारा असतो, त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, एकाची चूक झाली तर आख्ख्या ओळीतल्या केबिनचे संडास बंद पडतात.

मुलांचा क्लब बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपासून, आणि डायपर सुटलेल्यांनाच. दिवसा फुकट, रात्री उशिरा पैसे. पूलमध्ये सुती कपड्यांनी जाऊ देत नाहीत. एखाद्या रात्री नटून यायला सांगतात, तेव्हा साडी आणि कुर्ता उत्तम चालतो. मोबाइल चढल्याबरोबर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येतं. व्हॉट्सॲपसाठी एकाच फोनचं वाय-फाय घेतलं तरी भागतं.

कागदपत्रं. तुम्ही सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येताय, म्हणून तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते त्यावर वाचा. सिंगापूरचं ॲरायव्हल कार्ड दोन्ही वेळा भरायचं, ते त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. मलेशिया आणि थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, तेव्हा बुकिंगच्या वेळचं ऐकीव धरू नका, निघायच्या महिन्यात पुन्हा बघा. एकाचा जरी कागद कमी असला तरी बंदरावरून परत पाठवतात आणि पैसे मिळत नाहीत. सिंगापूरला आदल्या दिवशीच पोहोचा. आणि मुंबईच्या विमानासाठी पुण्यातून निघताना घाटातल्या गर्दीचे तीन तास जास्तीचे धरा, विशेषतः शनिवार-रविवारी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी थेट धक्क्यावर मिळतात. त्याआधी सगळ्यांचे दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, गोळ्या आणि पासपोर्ट बाजूला काढून पलंगावर ठेवा आणि मोजा. सिक्युरिटीची पावती असेल तर तीही हाताशी असू द्या. आईंच्या फुलवातींची डबी आम्हाला उतरताना त्या पावतीवरच परत मिळाली.