बाबा घरी येईपर्यंत जागं ठेवायचं का?

"मॅडम, हिची दुपारची झोप बंदच केली तर रात्री लवकर झोपेल ना?" दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आया हे विचारतात, तेव्हा बहुतेकींनी तो प्रयोग घरी करून झालेला असतो. ठाण्यातल्या कासारवडवलीहून आलेल्या या आईनेही केला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

लेक वीस महिन्यांची. सकाळी पाळणाघर, दुपारनंतर आजी. रात्री पावणेबारापर्यंत घरभर पळापळ, सोफ्यावरून उड्या. दिवसा किरकिर, ताट ढकलणं, आणि अलीकडे पाळणाघरात मुलांना चावणं. तिथल्या ताई म्हणाल्या, "मूल हायपर आहे, कुणाला तरी दाखवा." त्या एका शब्दाने आई पार घाबरून गेली होती.

मी फक्त आठवडाभराच्या झोपेची नोंद मागितली. ती आजींनी ठेवली, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात: "उठली 7.30. संध्या. 5.30 ते 6.10. रात्री 11.45." सात चौकोन जवळपास सारखेच. रोजच्या झोपेची बेरीज साडेआठ तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 24 तासांत 11 ते 14 तास झोप हवी. म्हणजे या मुलीची रोज किमान अडीच तासांची झोप बुडत होती.

मोठी माणसं दमली की जांभया देतात, कोपऱ्यात बसतात. लहान मूल दमलं की त्याला चेव येतो. झोपेची वेळ टळली की शरीर जागं राहण्यासाठी ताणाची संप्रेरकं सोडतं, मूल आणखी पळतं, आणि घरच्यांना वाटतं की हिला अजून झोपच आली नाही. दुपारची झोप तोडल्याने रात्र सोपी होत नाही ती यामुळे. शिवाय दुपारी न झोपलेली ही पोर संध्याकाळी साडेपाचला कोसळायची, आणि त्या चाळीस मिनिटांनी नऊची झोप पुढे ढकलली जायची. गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक स्रवतं, दिवसभरात शिकलेले शब्द आणि हालचाली मेंदूत पक्क्या होतात. एवढ्या कमी झोपेवर चिडचिड आणि चावणं दिसत असेल, तर "हायपर"चा शिक्का मारण्याआधी झोप भरून काढायला हवी. हे मी आईला स्पष्ट सांगितलं.

पण खरी गाठ वेगळीच होती. बाबा अंधेरीला नोकरीला. घोडबंदर रोडच्या कोंडीतून घरी पोचायला पावणेदहा. मग उचलून घेणं, हवेत उडवणं, मोबाईलवर गाणी. साडेआठला झोपवा म्हटल्यावर ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग मी तिला भेटायचं कधी?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ठाण्यात असे कितीतरी बाप आहेत, दिवसभर त्या अर्ध्या तासाची वाट पाहणारे. तो त्यांच्याकडून काढून घ्यायचा नव्हता, फक्त हलवायचा होता. आम्ही सकाळ ठरवली: पावणेसातला उठवणं, अंघोळ, नाश्ता, खाली बागेत एक फेरी. सगळं बाबांकडे. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं, हा वरचा फायदा.

बाकीचं आजींनी सांभाळलं. पाळणाघरातून आल्यावर जेवण, साडेबाराला झोप, दोनच्या आसपास उठवणं. संध्याकाळी सातला वरणभात. आठला टीव्ही बंद, मोठे दिवे बंद, कारण रात्रीचा प्रखर उजेड झोप आणणारं मेलाटोनिन दाबतो. मग थोडं मालिश, अंगाई, अंथरूण. क्रम रोज तोच. मोबाईल या वयात नकोच.

शेजारणीने जायफळ जास्त उगाळून द्यायला सांगितलं होतं, आणि कुणीतरी सर्दीचं औषध. दोन्हीला मी ठाम नाही म्हटलं. जायफळाची मात्रा जास्त झाली तर मुलाला विषबाधा होऊ शकते, आणि झोपेसाठी गुंगीचं औषध डॉक्टरांना न विचारता कधीच द्यायचं नाही. त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासणीही करून घेतली. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल किंवा झोपेत सतत पाय झाडत असेल, तर नुसत्या वेळापत्रकाने भागत नाही. ॲडेनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या असू शकतात किंवा लोह कमी असू शकतं. इथे तसं काही निघालं नाही. आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आईने यातलं वेळापत्रक लावू नये. त्या वयात झोपेची लय बसलेलीच नसते. फक्त बाळाला उताणं झोपवावं.

पहिले चार-पाच दिवस रडारड झाली. आजींचा धीर सुटत आला होता. तिसऱ्या आठवड्यात मुलगी नऊच्या आत झोपू लागली, चावणं बरंच कमी झालं. अजून लग्नकार्याला गेले की घडी विस्कटते. तेव्हा रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळी सातच्या सुमाराला उठवायचं आणि दुपारची झोप थोडी वाढवायची, की दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. हे आता बाबाच फोनवर मला सांगतात.