वाचकांचे प्रश्न : मुलाच्या खिशात काडेपेटी

प्रश्न : आम्ही निपाणीचे. मुलगा १६ वर्षांचा, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला). खिशात काडेपेटी आणि बडीशेपेची पुडी सापडली. ‘मित्राची आहे’ म्हणतो. यजमान तंबाखूच्या वखारीत कामाला, तेही विडी ओढतात. पोराला दम द्यावा का?

उत्तर : ताई, दम दिलात तर तो फक्त लपवायला शिकेल. या वयात पहिली सिगारेट तलफेपायी ओढली जात नाही, टोळक्यात आपली जागा व्हावी म्हणून ओढली जाते. घरात भांडण पेटलं की ते टोळकंच जास्त जवळचं वाटतं. त्यात निपाणीत तंबाखूवर घरं चालतात, विड्या वळून बायकांनी संसार ओढलेत. मुलाला ती वस्तू परकी वाटणार कशी? म्हणून आधी यजमानांनी त्याच्यासमोर ओढणं बंद करावं, आणि विडी आणायला त्याला कधीही पाठवू नये. दोघांनी मिळून सोडली तर फारच उत्तम.

पन्नाशीतल्या कॅन्सरची भीती सोळाव्या वर्षी लागू पडत नाही. खेळताना लागणारा दम, तोंडाचा वास, महिन्याला उडणारे पैसे, यांवर बोला.

तो कबूल झाला की चार दिवस फक्त नोंद ठेवू द्या : किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. बहुतेकदा चहानंतर किंवा स्टँडवर बसची वाट पाहताना, असंच निघतं. मग परीक्षा नसलेला दिवस धरून पूर्ण बंद. तलफ साधारण ५ ते १० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टपरीपासून दूर जावं, घोट घोट पाणी प्यावं. ‘नको, सोडलीय’ हे दोन शब्द घरी मोठ्याने म्हणून बघावेत. ऐनवेळी जीभ अडते ती इथेच.

पहिले तीन दिवस चिडचिड, झोपमोड जास्त. दोन ते चार आठवड्यांत बरीच कमी होते. त्याला उद्धटपणा समजू नका. सिगारेटऐवजी मावा हा तर घातच, निकोटिन तेच. निकोटिनचा च्युइंगमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कर्नाटकात २०२५ पासून २१ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला आणि सुटी सिगारेट विकायला बंदी आहे. पलीकडे कागलला केंद्राच्या कायद्याने वयाची अट १८ची. टपरीवाल्याला हे शांतपणे सांगता येतं. सोडायला मदत हवी तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, फोन मोफत.

मध्येच एखाद्या लग्नात त्याने एक ओढली, तर ‘गेलं सगळं’ म्हणू नका. कोणाबरोबर ओढली ते विचारा आणि पुढच्या लग्नात तिथे काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या.